सिनेमाची जबानी

आमच्या घरमालकांना 'छान' या शब्दाचा मनापासून तिटकारा होता. कुणी सिनेमा पाहून आलं आणि "छान होता" म्हणालं, की काका खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि म्हणायचे, "छान हे मत नाय. छान हा ढेकर आहे. पोट भरलं एवढंच त्यातून कळतं. काय खाल्लं ते सांगा."

मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं घर. खोली बघायला गेले त्या दिवशी नोकरी कुठं, लग्न कधी, मांसमच्छी खाता का, या प्रश्नांची उत्तरं मी रिक्षातच घोटून ठेवली होती. ती सगळी वाया गेली. काकांनी विचारलं, "शेवटचा सिनेमा कोणता पाहिला, अन् त्यात काय खटकलं?"

मी गोंधळले. म्हणाले, "हिरोची आई हिरोपेक्षा तरुण दिसत होती."

काका एकदम खूष. मग गाव विचारलं, मी अजिंठा सांगितलं, आणि त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात घोषणा केली, "अजिंठ्याहून आलेली गाडी वरच्या खोलीच्या फलाटावर लागत आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं!"

आतून काकूंचा आवाज आला, "भाड्याचं बोलले का?"

"ते नंतर."

"नंतर म्हणजे मीच बोलायचं," काकू म्हणाल्या, आणि खरंच त्याच बोलल्या.

काकांची उभी नोकरी बसस्टँडवर लाउडस्पीकरपुढे गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर चौकशी खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं त्यांच्या आवाजानं गावाला सांगितलं होतं. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच राहिला, पण घशातला काही निघाला नाही. माणसांना ते नावानं हाकच मारत नसत, गावानं मारत. मी अजिंठा. माझ्या शेजारच्या खोल्यांत राहणारे कॉलेजातले जोशी सर म्हणजे पैठण. खालच्या खोल्यांतले रिक्षावाले रफिकभाई याच मुकुंदवाडीत जन्मलेले, म्हणून ते लोकल. कंपनीतून यायला मला उशीर झाला, की गेटातच ऐकू यायचं, "चिकलठाण्याहून येणारी जलद अजिंठा उशिरानं धावत आहे. गैरसोयीबद्दल घरमालक दिलगीर आहेत." पहिले काही दिवस मी लाजून चूर व्हायचे. नंतर एकदा काका पिशोरला गावी गेले होते, तर घरी आल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं.

तर या माणसाचा खरा छंद म्हणजे सिनेमाची जबानी. शब्द त्यांचाच. त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत लोकांच्या जबान्या लिहून घ्यायचे म्हणे. "आजोबा लिहायचे, मी नुसती ऐकतो. कागद आला की माणूस खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. घरातल्या कुणीही सिनेमा पाहिला, की रविवारी सकाळी त्यानं ओट्यावर यायचं, चहा घ्यायचा आणि जे पाहिलं ते सांगायचं. दुसऱ्याचं मत उसनं आणायचं नाही. मोबाइलवर वाचलेलं तर नाहीच नाही. काय खटकलं, कुठं हसू आलं, कुठं उठून जावंसं वाटलं, सगळं सांगायचं. मत नसलेला माणूस म्हणजे बिनबोर्डाची गाडी, हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढं म्हणायचे, "दिसायला गाडीच, पण चढायचं कुणी?"

या जबानीत एकच माणूस चालत नसे, तो म्हणजे काकू. "घरच्यांची जबानी धरत नाय," काका म्हणायचे. काकू चहाचा ट्रे ठेवून दारातच उभ्या राहायच्या आणि जे बोलायचं ते चौकटीला बोलायच्या. ते सगळ्यांना ऐकू यायचं, काकांनाही यायचं, फक्त दप्तरी लागत नसे.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कमी दिसतं हे आम्हाला माहीत होतं. किती कमी दिसतं हे फक्त काकूंना माहीत होतं. ऑपरेशनचं नाव काढलं, की काका पिशोरच्या एका दोस्ताची गोष्ट सांगायचे. "त्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली. समोर आरसा. तर म्हणतो कसा, हा कोण म्हातारा घरात घुसला? हाकला त्याला! बरं चाललं होतं बिचाऱ्याचं. डोळे आले अन् म्हातारा झाला." ही गोष्ट ते इतकी रंगवून सांगायचे, की आम्ही हसत सुटायचो आणि ऑपरेशन बाजूला राहायचं. काकू तेवढ्या हसायच्या नाहीत. त्या चौकटीला म्हणायच्या, "पायरी चुकून पडतील एक दिवस, मग हसा."

तेवढ्यात तो सिनेमा आला. गावभर त्याचीच चर्चा. त्यात नगरपालिकेतला एक बाबू असतो. कुणीही काम घेऊन आलं, की न बघताच "होऊन जाईल" म्हणतो आणि काहीच करत नाही. एक दिवस त्याला देवाची शक्ती मिळते, आणि तो ज्याला "होऊन जाईल" म्हणेल ते खरंच व्हायला लागतं. कुणाची सासू मुकी होते, कुणाची म्हैस बदामाचं दूध देते, नापास पोरगं जिल्ह्यात पहिलं येतं, आणि हा बिचारा जीभ आवरता आवरता बेजार. शेवटी हात जोडून शक्ती परत करतो. आम्ही सगळे मिळून दुपारच्या खेळाला गेलो. काकांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी.

काका सिनेमात नेहमी सगळ्यांच्या मागून हसायचे. मला वाटायचं, विनोद चावून चावून खातात. त्या दिवशी शेजारी बसल्यावर कळलं. काकू पदर तोंडाशी धरून अखंड बोलत होत्या. "आता खुर्चीवर बसला. खुर्ची मोडली. पडला. बायको बघू राहिली. आता म्हैस आली, त्याच्या मागं लागली." थिएटर हसून मोकळं व्हायचं, काकूंचं वाक्य पुरं व्हायचं, मग काका हसायचे. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काकू, थोडं हळू." काकू म्हणाल्या, "हळूच बोलते बाबा," आणि पुन्हा सुरू झाल्या. मी पडद्यावरचं बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मला तेव्हा काकूंचा इतका लोभ वाटला, की तिथंच त्यांच्या गळ्यात पडावं.

रविवारी जबानी झाली. अशी जबानी पुन्हा झाली नाही.

रफिकभाई पहिले. त्यांचं मत नेहमी रस्त्यावरून सुरू व्हायचं. "पिक्चर अच्छा है काका, मगर हिरो येडा है. खुदा की ताकत मिली, अन् ये सासू को गूंगी करता! अरे पहले अपनी गल्ली के मूं पे का खड्डा भर ना बाबा. दो मिनट का काम है."

जोशी सर गंभीर होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगायचं काम. ते म्हणाले, "मी हसलो, हे कबूल करतो. पण देव म्हणजे काय तक्रारखिडकी आहे का? आमच्या आजोबांनी जन्मभर देवाची पूजा केली, त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. या सिनेमात एक माणूस न मागता देवळात गेलेला दिसला का तुम्हाला?"

मी म्हणाले, "शक्ती परत का दिली, हेच मला पटलं नाही. मी नसती दिली. अक्कल चालवून वापरली असती."

काका डोळे मिटून ऐकत होते. गाणं ऐकावं तसं ऐकायचे ते. तेवढ्यात चौकटीकडून आवाज आला, "अख्ख्या गावाला होऊन जाईल, होऊन जाईल. बायकोला एकदा तरी विचारलं का, तुला काय पायजे?"

काका डोळे न उघडता म्हणाले, "घरच्यांची जबानी धरत नाय." आणि मग ताठ बसले. काहीतरी सुचलं की ते असे ताठ बसायचे. "मत देणं सोपं आहे. गाडी हाणून दाखवा! ज्याला ज्याला वाटतं हिरो चुकला, त्यानं एक रविवार देव व्हायचं. या गेटाच्या आत पावर माझी आहे, ती त्याला दिली. देव जे म्हणंल त्याला मी म्हणणार, होऊन जाईल. अन् म्हटलं की ते झालंच पायजे. वयानं ल्हान त्याचा नंबर आधी."

"सिलेंडर मी उचलते, अन् पावर यांची," काकू चौकटीला म्हणाल्या.

पहिली देव मी. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते खाली हौदात साठवायचं आणि काकांनी ठरवलेल्या पाळीप्रमाणे मोटार लावून घ्यायचं. या पाळ्यांचा मला भारी जाच वाटायचा. नेमकी केसांना शिकेकाई लावली की पाळी जोशी सरांची. हौद आदल्याच दिवशी काठोकाठ भरला होता. मी फर्मान काढलं, "आज पाळ्या बंद. मोटार चालू. ज्याला पाहिजे त्यानं, पाहिजे तेवढं पाणी वापरावं."

काका म्हणाले, "होऊन जाईल."

नेहमीच्या वापरानं तो हौद सहज आठ-दहा दिवस काढायचा. पण आज आहे तो देव उद्या राहील याची खात्री कुणाला? या गावात पाणी दिसलं की माणूस आधी भरतो, मग तहान लागली का ते बघतो. रफिकभाईंच्या घरात बादल्या, पातेली, कुकर, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, सगळं भरलं. जोशी सरांनी देवाची समईसुद्धा बाजूला सरकवून तिथं घागर ठेवली. आणि मी, जी स्वतः देव होते, तिनंही थर्मास भरला, वाट्या भरल्या, शेवटी फुलदाणी भरली. दुपारच्या आत हौद कोरडा ठणठणीत आणि मोटार नुसतीच घरघरायला लागली. जोशी सर डोक्याला साबण लावून गॅलरीत आले आणि ओरडले, "देव कुठं आहे? देवाला बोलवा!"

देवानं आपली बादली त्यांना दिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की घरात पाणीच पाणी आहे, फक्त हौदात नाही. सगळी दुपार आम्ही जिन्यावर ओळीनं उभं राहून भांडी खाली देत होतो आणि हौद परत भरत होतो. काका ओट्यावरून घोषणा करत होते, "देवाच्या कृपेनं हौद भरत आहे. फुलदाणीतलं पाणी झाडाला घालावं, हौदात नको." काकू इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. पाळ्यांबद्दल मी पुन्हा कधी तक्रार केली नाही.

पुढचा रविवार रफिकभाईंचा. खड्डा गेटाबाहेर होता, तिथं काकांची पावर चालत नव्हती. म्हणून त्यांनी दुसरंच मागितलं. "काका, आज का दिन मेरी रिक्षा में बैठना, अन् पूरे रस्ते अनौन्समेंट करना. अपना बचपन का अरमान है." लहानपणी बसस्टँडवर चहा विकताना हाच आवाज ऐकत ते वाढले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. काका लाजले. मग नवा सदरा घालून शेजारी बसले आणि रिक्षा घोषणा करत निघाली. माणसं वळून वळून बघत होती. एक आजीबाई बसल्या, त्यांनी विचारलं म्हणे, "ही रिक्षा मधी चहाला कुठं थांबती?"

संध्याकाळी रफिकभाई रिक्षा धूत होते. मी विचारलं, कसा झाला दिवस? ते आधी हसले, मग हातातलं फडकं पिळलं. म्हणाले, "बाई, काका को कुछ बी नै दिखता. टेलर की दुकान को दवाखाना बोले. साडी की दुकान के बाहर पुतळी खडी करते ना, प्लास्टिक की? उसकू हात जोड के बोले, नमस्कार ताई."

"मग तुम्ही काय केलं?"

"मैंने बी सलाम किया. उनकू बुरा नै लगना बोलके."

हे सांगून ते पुन्हा चाकं धुवायला लागले. मी वर गेले आणि जोशी सरांना सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "पुढचा देव मी ना?"

त्या रविवारी सर सोवळ्यातून उठून यावेत तसे न्हाऊनधुऊन, पांढरे कपडे घालून ओट्यावर आले. काका म्हणाले, "बोला पैठण, काय हुकूम?"

"मला देव व्हायचं नाही. माझी पाळी मी काकूंना देतो."

"तसं नाय चालत. घरच्यांना—"

"घरच्यांची जबानी चालत नाही, असं तुम्ही म्हणालात," सर वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले. "देवपणाबद्दल तुम्ही काहीच बोलला नव्हतात. आणि दिलेली पावर देवानं कुणाला द्यावी, हा देवाचा प्रश्न आहे."

 काकू ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे रफिकभाईंच्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि येऊन काकांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या ओट्यावर खुर्चीत बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

"मला तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन पायजे," त्या म्हणाल्या.

काका हसले. "पिशोरचा आपला एक दोस्त होता—"

"ती गोष्ट नको. लई वेळा ऐकली. होऊन जाईल म्हणा."

"अगं, ते सोडून काय बी माग. सोन्याची बांगडी माग."

"बांगडी तुम्हाला दिसणार हाय का?"

 काकांची मान खाली गेली. मग ते घोषणेच्या नाही, अगदी साध्या आवाजात बोलले, आणि तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "थोरल्या भावाचं तुला माहीत हाय. तो बी असाच हसत गेला होता ऑपरेशनला. थोडं दिसत होतं, तेवढं बी गेलं. माझं आता थोडं तरी हाय. उजेड कळतो, तू आलीस गेलीस ते कळतं. ते बी गेलं तर?"

"तो जमाना गेला. भाऊजींनी पट्टी आधीच सोडून शेतात काम केलं होतं, ते तुम्हाला बी माहीत हाय."

"भेव वाटतं गं."

"वाटणारच. मी हाय ना संगं." काकू खुर्ची सरकवून जवळ आल्या. "अन् माझं बी ऐका जरा. इतकी वर्षं तुमच्यासंगं सिनेमाला येऊ राहिले. आता बसला, आता उठला, आता पडला, हेच सांगू राहिले. त्या नादात मला एक सिनेमा धड बघायला मिळाला नाय. हसायची येळ आली की मी बोलू राहिलेली असते. मला एकदा गप बसून, तोंड मिटून, पुरा सिनेमा बघायचाय. देव म्हणून एवढंच मागते."

जोशी सर भिंतीकडे बघत होते. रफिकभाईंनी ट्रे हळूच खाली ठेवला. माझं तर नाक वाहायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

काकांनी घसा साफ केला. एकदा केला, पुन्हा केला. मग म्हणाले, "होऊन जाईल."

"कधी?" काकू म्हणाल्या. बाबू लोकांचा त्यांना चांगला अनुभव असावा.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. दवाखान्यात जाताना रिक्षात काका एक शब्द बोलले नाहीत, आणि येताना डोळ्यावर पट्टी असूनही मुकुंदवाडीपर्यंतचा प्रत्येक थांबा त्यांनी जाहीर केला. पट्टी सुटल्यावर तर त्यांना आवरणं कठीण झालं. जोशी सरांना बघून म्हणाले, "तुमचा आवाज जाड्या माणसाचा आहे हो, फसवलं तुम्ही!" मला बघून म्हणाले, "अजिंठा, तुम्ही बोलण्यावरून चांगल्या उंच वाटायच्या." रफिकभाईंच्या रिक्षाला हात लावून विचारलं, "ही हिरवी आहे? मी इतके दिवस काळी समजत होतो." मग काकूंकडे बघत राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "केस कधी पांढरे झाले?"

"तुमची नजर नव्हती तेव्हा उरकून घेतलं," काकू म्हणाल्या, आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाल्या. गॅसवर तेव्हा काही नव्हतं.

सगळं गोड झालं असं वाटेल, पण नाही. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी महिन्यानं बोलावलं होतं, आणि काका पुन्हा बिथरले. "एक लागली लॉटरी, दुसऱ्यांदा कशाला तिकीट काढायचं? एका डोळ्यावर लई कामं होतात. सुई ओवताना माणूस एकच डोळा वापरतो." काकूंचं देवपण तर संपलेलं. त्या रोज एकदा विषय काढायच्या, काका रोज एकदा सुईचं उदाहरण द्यायचे. काकूंना खरी भीती होती, की हा माणूस असाच राहिला तर उरलेला डोळा आणि उरलेली हिंमत दोन्ही हातची जातील. त्या मला म्हणाल्याही, "अर्धं काम झालेलं लई वाईट गं. माणूस तेवढ्यावरच खूष होतो."

अशात तोच सिनेमा गावातल्या जुन्या थिएटरात पुन्हा लागला. काकूंचा सिनेमा बघायचा राहिलाच होता. आम्ही सगळे पुन्हा दुपारच्या खेळाला गेलो. या वेळी काकू काकांच्या डाव्या हाताला बसल्या, मी काकूंच्या पलीकडे. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला आणि काकूंनी तोंड मिटलं ते मिटलंच. बाबू खुर्चीवरून पडला आणि काकू हसल्या. सगळ्यांबरोबर, वेळेवर, पोट धरून. म्हैस मागं लागली तेव्हा तर त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली, की ती जागा रात्रीपर्यंत हुळहुळत होती. काका गप्प होते. मला काळजी वाटली. दिसत नाहीये की काय, की हा सिनेमाच आवडत नाहीये?

रविवारी ओट्यावर सगळे जमलो. त्या दिवशी जबानी काकांची होती. डोळ्यांनी पाहून दिलेली बऱ्याच वर्षांतली पहिली जबानी. रफिकभाईंनी पोरांनासुद्धा ऐकायला आणलं होतं. जोशी सरांनी सुरुवात केली, "बोला काका. काय खटकलं?"

काका खुर्चीत चुळबुळले. "सिनेमाचं मला काय सांगता येणार नाय."

"का? दिसलं नाही का?" मी घाबरून विचारलं.

"दिसायला काय झालं? पण सिनेमा मी पाहिलाच नाय." त्यांनी चौकटीकडे बोट दाखवलं. "हिला पाहत होतो. तो बाबू पहिल्यांदा पडला तेव्हा हिनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा पदर राहिला बाजूला, चांगले दात काढून हसली. म्हैस आली तेव्हा अजिंठाला मारलं. मधी ती मुकी सासू रडती ना, तिथं ही बी रडली, अन् कुणी बघितलं का म्हणून इकडं तिकडं बघितलं. मी पडद्याकडं तोंड केलं झटकन. शेवटी बाबू हात जोडतो, तिथं हिनं बी हात जोडले. लगीन झाल्यापासून ही सिनेमात कशी हसती ते मला ठाऊकच नव्हतं. आधी मी पडद्याकडं बघायचो, नंतर दिसेना."

 काकू चौकटीत आल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या चौकटीलाही काही बोलत नव्हत्या.

"आता खटकलं काय ते सांगतो," काका मान चोळत म्हणाले. "ही बसली डाव्या बाजूला. माझा चांगला डोळा उजवा. अडीच तास मान वळवून वळवून मान आखडली, अन् तरी बी नाकामुळं अर्धीच दिसली. असं नाय चालायचं. तो दुसरा डोळा बी करून टाकू."

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून त्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "रफिकभाई, उद्या सकाळी रिक्षा कुठं न्यायची नाय."